छत न ठोकणाऱ्याचं नाव

टेकडीवर थडग्यांच्या मधोमध कुणीतरी जनरेटर चालू केला आणि डेल्फा कॉडिलच्या तोंडून एक शिवी निघाली. आईसमोर तिने ती आजवर कधी दिली नव्हती.

"रविवार आहे," आई म्हणाली.

"म्हणून एकच दिली."

दोघी चढणीवर दम खायला थांबल्या होत्या. आईच्या हातात प्लॅस्टिकच्या गुलाबांची टोपली, डेल्फाच्या हातात गवत कापायची कात्री आणि आईची घडीची खुर्ची. मे महिन्यातला शेवटचा रविवार. लॉस्ट म्यूल दरीतले जे ओहायोत, मिशिगनात पोट भरायला गेलेत तेही या दिवशी गाड्या भरभरून परत येतात. आपापल्या माणसांची थडगी साफ करतात, फुलं लावतात, एकेका थडग्यापाशी उभं राहून गातात आणि मग खाली झाडांखाली सगळ्यांची पंगत बसते. या दिवसाला वीज कधी लागली नव्हती. मेलेल्यांना लागत नाही आणि जिवंतांना सूर्य पुरतो. आज मात्र डेल्फाच्या भावाच्या, लोन्झोच्या थडग्यावर भर उन्हात दोन मोठे दिवे रोखलेले होते. चोविसाव्या वर्षी खाणीत छताखाली गेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर दिवे.

आणि थडग्याशेजारी कोल्टन बीचम उभा होता. गुडघ्यावर फाटलेली, म्हणजे फाटलेलीच विकत घेतलेली पँट, डोक्यावर हॅट. एक मुलगी खाली बसून ब्रशने त्याच्या बुटांना माती लावत होती. केंटकीच्या टेकडीवर, डबीतली माती.

"खाली एवढी पडलीय, फुकट आहे," डेल्फा लांबूनच ओरडली. मुलीने वर बघितलं, हसली आणि परत डबीत ब्रश बुडवला.

कोल्टनचे वडील अटलांटाबाहेर श्रीमंतांच्या पोरांच्या दातांना तारा बसवतात. या पोराचे दात तेवढे सरळ होते. बाकी त्याच्यात सरळ काही डेल्फाला अजून सापडलं नव्हतं. त्याचं गाणं गेले सहा महिने रेडिओवर वाजत होतं. पेट्रोल पंपावर, दवाखान्यात, दुकानात, जाल तिथे. गाण्यात लोन्झो होता. गाणं लोन्झोच्या बहिणीचं होतं. आणि त्या गाण्यातून जे काढलं होतं, त्याच्यासाठी डेल्फा आज वर चढत होती.

ते गाणं काय आहे हे सांगायचं तर आधी डेल्फाचं सांगावं लागेल.

तिचं गाणं कुठल्या खणात ठेवायचं हे कुणाला कधी कळलं नाही. कंट्रीवाले म्हणायचे, हे कंट्री नव्हे, यात ट्रक कुठाय? लोकगीतवाले नाक मुरडायचे, लोकगीतात वेंडिंग मशीनशी लग्न लावणारी विधवा नसते. मग कुणीतरी 'अमेरिकाना' असा शब्द काढला. कुठल्याच दुकानात न खपणाऱ्या मालाची मोट बांधायला बरा शब्द होता. डेल्फाला त्या मोटेत कोंबलं. तिने पहिली रेकॉर्ड केली ती बंद पडलेल्या कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात. तिच्या गिटारला चारच तारा. नॉक्सव्हिलमध्ये एका बारमध्ये गाताना दोन तुटल्या, तिने पुन्हा लावल्या नाहीत. "चार तारांत जे बसत नाही ते मला म्हणायचंच नाही," म्हणाली. नॅशव्हिलमध्ये एका मोठ्या निर्मात्याने तिला बोलावलं. ती लघवीला गेली तेवढ्यात त्याने गिटारवर सहा तारा चढवल्या. बाहेर आली, पक्कड मागितली, दोन तारा कापल्या, पक्कड त्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी निघून आली. तिथे तिची नॅशव्हिलची कारकीर्द संपली. हॉलंडमध्ये तिला ऐकायला लोक सभागृहं भरतात आणि तिच्या ऑपॉसम नावाच्या जनावराच्या मयतीच्या गाण्याला उभं राहून टाळ्या वाजवतात. इथे दरीत मात्र ती म्हणजे ऑर्फाची पोरगी, ती गाणारी, डोक्याने जरा इकडची तिकडे.

पण एक गाणं होतं, जे दरीतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

खाणीत पाळी उतरायच्या आधी एक माणूस एकटा आत जातो. हातात लोखंडी पहार. छत ठोकत जायचं. खणखण वाजलं तर चांगलं. फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं तर वरचा दगड सुटलाय. जिथे ठोकून झालं तिथे खडूने आपली आद्याक्षरं लिहायची, म्हणजे मागून येणाऱ्यांनी समजायचं, बघून गेलाय, बिनघोर शिरा. त्या दिवशी अक्षरं लिहिलेली होती. ठोकलेलं नव्हतं. लोन्झोच्या अंगावरून जे दगड काढले त्यांतल्याच एकावर पांढऱ्या खडूत लिहिलेलं होतं, ए. फ. म्हणजे एस्टिल फ्युगेट. कंपनीने चौकशी केली आणि निष्कर्ष काढला, छत पडलं. एवढं सगळ्यांना दिसतच होतं.

डेल्फाने त्याच वर्षी गाणं केलं.

*ठोक रे ठोक, छत ठोकून बघ,*
*खणखण वाजलं, आत शिरू,*
*बद्द वाजलं, घरी फिरू.*
*एस्टिल फ्युगेटनं ठोकलंच नाही,*
*खडूनं लिहिलं, निघून गेला,*
*लोन्झो माझा आत राहिला.*

नाव पूर्ण, आडनावासकट. या डोंगरांत खुनाची गाणी अशीच करतात. मेलेल्याचं नाव असतं तसं मारणाऱ्याचंही असतं, नाहीतर ते गाणं कशाला? आसपासच्या बारमध्ये, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, अग्निशमन दलाच्या जेवणावळीत ती ते गायची आणि एस्टिल फ्युगेट मागच्या रांगेत बसलेला असायचा. कधी उठून गेला नाही. टाळ्याही वाजवल्या नाहीत. डेल्फाला त्याचा निर्लज्जपणा वाटायचा. आईने मात्र एक अट घातली होती, रेकॉर्डवर घ्यायचं नाही. शेवटचं कडवं कधी पक्कं झालंच नाही, दरवेळी वेगळं. कुठे कागदावरही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी कोल्टन बीचम तिच्या घराच्या ओसरीवर आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, खरं काहीतरी हवं असेल तर त्या म्हातारीकडे जा. डेल्फा तेव्हा पंचावन्नची होती आणि म्हातारी म्हटलेलं तिला चाललं असतं, 'खरं काहीतरी' म्हटलेलं चाललं नाही. तरी आलेल्या माणसाला ओसरीवरून कुणी हाकलत नाही. तिने त्याला राजमा आणि मक्याची रोटी वाढली. तो जेवत होता आणि ती शेवटच्या कडव्याशी झटापट करत होती. तोंड भरलेलं असताना तो एक शब्द बोलला. म्हणाला, "एस्टिल फ्युगेटच्या ऐवजी 'स्वर्ग' टाकला तर?" ती हसली. एवढं जोरात की कुत्रा उठून गेला.

महिन्याभराने तिच्या जुन्या प्रकाशकाचा फोन आला. कोल्टनला गाणं रेकॉर्ड करायचंय, गाण्याचे लेखक म्हणून दोन नावं जाणार.

"का? त्याने काय केलं? राजमा खाल्ला?"

"डेल्फा, तो हजर होता. तुला नियम माहितीय."

माहीत होता. या धंद्यात गाणं होताना जो त्या जागी बसलेला असतो तो गाण्याचा लेखक. तो एक शब्द बोलला असो, एक ओळ म्हणो, नाहीतर नुसता कॉफी ढवळत असो. शब्द मोजत बसायचं नाही, कारण मोजायला लागलं की उद्या तुझ्याशेजारी कुणी बसणार नाही. डेल्फाने स्वतः हा नियम दुसऱ्यांना शिव्या घालून पाळायला लावला होता. एका मिजासखोर गायकाने मुकाट बसलेल्या एका पोरीचं नाव गाळलं तेव्हा डेल्फाच त्याच्या अंगावर धावून गेली होती. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? तिने सही केली. वाटलं, 'स्वर्ग' तर मी घेतलाच नाही, नाव गेलं तर गेलं. हे कुणी सांगितलं नाही की एकदा अर्धं त्याचं झालं की तो ते कसंही गाऊ शकतो, कुणालाही न विचारता.

तो गायला. *स्वर्गानं दारावर टकटक केली, लोन्झो हसत निघून गेला.*

हसत! अर्ध्या टनाचा दगड छातीवर.

"तू त्या शूटिंगवाल्यांना हो म्हणालीसच कशी?" चढणीवर डेल्फाने परत काढलं. "माझ्या भावाच्या थडग्यावर?"

"माझ्या लेकाच्या," आई म्हणाली. "तो पोरगा स्वतः आला होता घरी. हॅट काढून बसला. तू कधी हॅट काढतेस?"

"आई, त्याने नाव काढलंय."

"लोन्झोचं आहे की."

"एस्टिलचं काढलंय."

"मला एस्टिलचं नाव ऐकून काय मिळतं?" आई थांबली. "डॉलरच्या दुकानात साबण घेत होते. वरून रेडिओतून लोन्झोचं नाव आलं. ती गल्ल्यावरची पोरगी गुणगुणत होती, 'लोन्झो, लोन्झो'. बावीस वर्षांची असेल. तिला कुठे माहीत होता तो? मी तिथेच बसले, पिंपावर. तुझं गाणं ऐकून मला फक्त राग आला गं, इतकी वर्षं. ते ऐकून मला रडू आलं."

"मग रागच बरा होता."

"तुला. तू रागावर पोट भरतेस. मी म्हातारी झालेय."

डेल्फा अजून चिडली आणि चढायला लागली.

वर पोचल्या तसा कोल्टन हात पसरून पुढे आला. "मिस डेल्फा! मिस ऑर्फा! केवढा मान दिलात आम्हाला."

"हात खाली कर, मी कात्री धरलीय."

तो हसला. त्याला डेल्फाचं असं बोलणं आवडायचं. मुलाखतींमध्ये तो तिला 'माझी डोंगरातली आई' म्हणायचा. "मी फक्त दोन कडवी गाणार इथे. मागे सगळी मंडळी उभी राहतील. नंतर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. जमेल?"

"आणि शेवटी काय म्हणणार? स्वर्गाने ठोकलं?"

"मॅडम, मला कुणाचा अपमान करायचा नाही. तो माणूस जिवंत आहे ना अजून? एका म्हाताऱ्याला सगळ्या देशासमोर..." त्याने आवाज खाली आणला. "ओहायोच्या माणसाला एस्टिल फ्युगेट कोण हे काय माहीत? पण मरण सगळ्यांना माहीत आहे."

"मरण नव्हतं ते. कामचुकारपणा होता."

तो हॅटची कड चाचपत राहिला. आणि तेव्हा डेल्फाला त्याची गिटार दिसली. फाटकाच्या आत, गवतावर, तिच्या आजोबांच्या दगडाला टेकवलेली. ती वळली ती थेट ब्रदर होबर्टकडे. होबर्ट स्लोन चाळीस वर्षं त्या चर्चचा धर्मोपदेशक. ओठांवर आलेल्या पांढऱ्या मिशा, काखेत स्तोत्रांचं पुस्तक.

"होबर्ट, माझी गिटार कुठे असते या दिवशी?"

"फाटकाबाहेर, गाडीत," तो म्हणाला, आणि प्रश्न कुठे चाललाय हे कळून त्याने पुस्तक दुसऱ्या काखेत घेतलं.

"का?"

"थडग्यांपाशी वाद्य वाजवत नाहीत. देवाने गळा दिलाय."

"मग ते काय आहे? गळा आहे?"

"डेल्फा, ते पिक्चरवाले आहेत. आईने तुझ्या परवानगी दिलीय. चर्चच्या छपराला पैसे..."

"छपराला! छपराचंच चाललंय सगळं." लोक बघायला लागले. "मला बाई म्हणून इथे पुढे होऊन ओळ द्यायला, गाणं उचलून द्यायला मिळत नाही. वाद्य म्हणून गिटार आणायला मिळत नाही. आणि हा दातवाल्याचा पोरगा माझ्या भावाच्या उरावर उभा राहून गिटार बडवणार, कारण याच्याकडे दिवे आहेत?"

"आवाज खाली," होबर्ट म्हणाला. त्याचा स्वतःचाच चढला होता.

एस्टिल फ्युगेट तिथेच होता. त्याचा भाऊ आणि बायको याच टेकडीवर आहेत, तो का येणार नाही? देवदाराखाली लोखंडी खुर्चीत बसला होता. नाकाला नळी, पायापाशी चाकांवरचं प्राणवायूचं नळकांडं. खाणीने त्याच्या फुप्फुसांचा दगड केला होता. डेल्फाने त्याच्याकडे बघितलं. तोही तिच्याकडेच बघत होता, मागच्या रांगेतून बघायचा तसा.

प्रार्थना सुरू झाली. होबर्टने पहिली ओळ दिली, घाईघाईत, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि लोकांनी ती ओळ उचलली आणि लांबवली. ताल नाही, वाद्य नाही. प्रत्येकजण आपापल्या चालीने त्याच सुराकडे जातो, कुणी आधी पोचतो, कुणी मागून, आणि त्या मागेपुढे होण्याने तो आवाज डोंगरातून निघाल्यासारखा येतो. जनरेटर बंद करायला लावला होता म्हणून तो ऐकू तरी आला. कोल्टनने पाय ठेका धरायला उचलला, ठेका सापडेना, पाय तसाच ठेवला.

स्तोत्र संपलं. होबर्टने घसा साफ केला. "आता आपले पाहुणे लोन्झो कॉडिलच्या आठवणीत..."

कोल्टनने गिटारचा पट्टा खांद्यावर चढवला. डोक्यावर हेडफोनचं यंत्र लावलेला एक माणूस हाताने लोकांना जवळ सरकवत होता, उंच मागे, बुटके पुढे. आईला त्याने खुर्चीसकट उचलून लोन्झोच्या दगडापाशी आणलं. आईने केस सारखे केले.

डेल्फाला वाटलं, आता हा गाणार. आता हे सगळे मागे उभे राहणार. आणि एकदा हे इथे, त्याच्या दगडापाशी, आपल्या माणसांच्या तोंडासमोर गायलं गेलं की झालं. मग लोन्झोला कुणी मारलंच नाही. छत आपोआप पडलं, पाऊस पडतो तसं.

ती पुढे गेली. कोल्टनच्या आणि दगडाच्या मध्ये उभी राहिली आणि तिने ओळ दिली. होबर्ट देतो तशीच, घाईत, सपाट.

*ठोक रे ठोक, छत ठोकून बघ.*

कुणी उचलली नाही.

बाईने ओळ दिली होती. आणि ओळ स्तोत्राची नव्हती. लोक आपल्या बुटांकडे बघत होते. मिशिगनहून आलेला तिचा चुलतभाऊ खाकरला. डेल्फाने पुढची ओळ दिली, त्याच्या पुढची दिली. तिचा आवाज तिच्याकडेच परत येत होता. उभ्या जन्मात ती रिकाम्या सभागृहात गायली होती, दारुड्यांसमोर गायली होती, एकदा तर बोलिंगच्या खेळातल्या लाकडी पिना धडाधड पडत असताना गायली होती, पण ओळ देऊन ती रिकामी परत येणं हे तिने आयुष्यात अनुभवलं नव्हतं. या डोंगरात त्याच्याइतकं नागडं दुसरं काही नाही.

"डेल्फा," आई म्हणाली, "पुरे."

*एस्टिल फ्युगेटनं ठोकलंच नाही.*

आणि मग देवदाराखालून एक घोगरा आवाज आला. नळीतून हवा ओढत, तुकड्या तुकड्याने.

*एस्टिल... फ्युगेटनं... ठोकलंच नाही.*

एस्टिल खुर्चीच्या हाताला धरून उभा होता. त्याने ती ओळ लांबवायची तशी लांबवायचा प्रयत्न केला, दम पुरला नाही, मध्येच खोकला. पण ओळ उचलली होती. आणि एकदा एकाने उचलली की या लोकांना गप्प बसता येत नाही, हाडातच नसतं ते. आधी फ्युगेट घरातल्या दोन बायका, मग तो चुलतभाऊ, मग बाकीचे. *खडूनं लिहिलं, निघून गेला.* होबर्ट ओठ मिटून उभा होता. त्याच्या मिशा हलत होत्या.

"बाप रे," कोल्टन हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, खरोखर. डोक्यावर यंत्र लावलेला माणूस पळत आला.

"जबरदस्त! मॅडम, जबरदस्त! पण वारा होता आणि त्या काकांचा चेहरा नाही मिळाला. आपण परत घेऊया? काका, तुम्ही इकडे उजेडात येऊन तसंच उठाल का खुर्चीतून?"

डेल्फाने त्याची कॉलर पकडली. मारणारच होती. एस्टिलच्या बोलण्याने थांबली.

"मला वाटलं, आता कुणी म्हणणार नाही," तो तिला म्हणत होता. जवळ आला होता, नळकांडं मागे गचके खात होतं. "रेडिओवर ऐकलं. माझं नाव काढलेलं. पोरीने फोन करून सांगितलं, बाबा, सुटलात तुम्ही. सुटलो कसला. तू गात होतीस तोवर मला काही बोलावं लागत नव्हतं. येऊन बसायचं आणि ऐकायचं. तेवढंच करता येत होतं मला."

"तेवढंच?" डेल्फाने कॉलर सोडली. "माफी पाहिजे तुला? माझ्याकडे नाहीये."

"माफी मागतोय कोण? पोरी, मी पहार घेऊन निघालो होतो. रॉइस टॅकेट खाणीच्या फाटकापाशी उभा होता. म्हणाला, पाळीला उशीर होतोय, खडू मार आणि ये. त्या भागात दोन दिवस आधी मीच त्याला सांगितलं होतं, बद्द वाजतंय. तरी म्हणाला, खडू मार."

रॉइस टॅकेट खाणीचा अधीक्षक. मरून दहा वर्षं झाली. दरीच्या तोंडाशी पोरांचं बेसबॉलचं मैदान आहे, त्याच्या कमानीवर त्याचं नाव आहे. या टेकडीवरच्या निम्म्या लोकांची पोरं तिथे खेळतात.

"आणि तू मारलास," डेल्फा म्हणाली.

"मारला."

"तेव्हापासून हे पोटात ठेवलंस? माझ्यासमोर बसून? मी एकट्या तुला शिव्या घालत फिरले आणि तो तिकडे कमानीवर चढला?" तिचा आवाज चिरकला. तिला त्याला धरून हलवावंसं वाटलं, नळी उपटावीशी वाटली. "मेल्या, एक नाव! एक नाव सांगता येत नव्हतं?"

"नोकरी होती. मग पेन्शन होती. मग सवय झाली."

आई खुर्चीतून उठली होती. "रॉइस माझ्या स्वयंपाकघरात आला होता," ती म्हणाली. "पुरल्यावर दुसऱ्या दिवशी. अख्खं हॅम घेऊन. माझ्या टेबलाशी बसून रडला. मी त्याची पाठ थोपटली." ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. "मी थोपटली त्याची पाठ."

"मिस ऑर्फा," कोल्टन पुढे झाला, "आपण जरा बसूया का..."

"तू बाजूला हो रे," आई म्हणाली. "आणि ती गिटार फाटकाबाहेर ने. माझ्या सासऱ्यावर पाय देऊन उभा आहेस."

कोल्टन दचकून थडग्यावरून उतरला. यंत्रवाल्याकडे बघत त्याने मान हलवली. यंत्रवाला हळू आवाजात कुणाला तरी म्हणत होता की टॅकेट हे नाव वकिलांना विचारल्याशिवाय घेता येणार नाही, आवाज बंद ठेवा, नुसती चित्रं घ्या.

डेल्फाने ते ऐकलं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने एस्टिलच्या खांद्याला धरून त्याला लोकांकडे वळवलं. हात प्रेमाचा नव्हता, त्याच्या हाडात रुतला असेल.

"यांना सांग. मला नको सांगूस. ओळ दे."

"मला... ओळ नाही देता येत. दम नाही."

"तुझ्या दमाने दे. मी थांबते."

एस्टिलने हवा ओढली. नळी फुसफुसली. *रॉइस टॅकेट म्हणाला,* तो म्हणाला, *खडू मार.*

सूर नव्हता त्यात. नुसते शब्द. आईने ते उचलले. तिचा आवाज कधीच सुरात नव्हता, चर्चमध्येही लोक हळूच पुढच्या बाकावर सरकायचे. ती एकटीच *रॉइस* वर इतकी थांबली की पुढचा शब्द येतो की नाही असं झालं. मागून काहीजण आले. सगळे नाही. कमानीखालून पोरांना नेणाऱ्यांतले बरेच जण टोप्या घालून उताराला लागले. टोपल्या हातात, मान खाली. होबर्ट त्यांच्या मागे दोन पावलं गेला आणि थांबला. फाटक वाजलं, गाड्यांची दारं वाजली. कोल्टनची माणसं दिव्यांच्या तारा गुंडाळायला लागली.

उरले ते थोडे होते. एस्टिल खुर्ची शोधत मागे हात फिरवत होता, ओठ निळे पडले होते. त्याला बसायचं होतं.

डेल्फाने आईची खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली. तो टेकला.

"बसूनच दे," ती म्हणाली. "पण मोठ्याने. गाडीपर्यंत गेलेत त्यांना ऐकू गेलं पाहिजे. परत."